इग्वानाच्या पिंजऱ्याला दार कशाचं करावं? काच, ॲक्रेलिक की जाळी?

वैजू_पुणे | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आमच्याकडे बंड्या नावाचा हिरवा इग्वाना आहे. वय अडीच वर्षं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन फूट, त्यातली दोन फुटांहून जास्त नुसती शेपटीच. भाचा शिकायला जर्मनीला गेला तेव्हा "महिनाभर सांभाळ गं मावशी, मग बघू" म्हणून ठेवून गेला. त्या महिन्याला आता चौदा महिने झाले. भाचा फोनवर आधी बंड्याची चौकशी करतो, मग माझी.

तर मुद्दा असा की जुनी काचेची टाकी त्याला पुरेना म्हणून सुतारकाकांकडून नवीन घर करून घेतेय. ५ फूट रुंद, अडीच फूट खोल, ६ फूट उंच. आयएस ७१० चा मरीन प्लाय, आतून पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात. सांगाडा उभा आहे, आत चढायला जाड फांद्याही लागल्या आहेत. समोरची बाजू मात्र उघडी, कारण दारावरून एकमत होत नाही.

सुतारकाका म्हणतात, ॲक्रेलिक लावा ताई, वजनाला हलकं, फुटायची भीती नाही. काचवाला म्हणतो टफन (तापवून कडक केलेली) काच, दुसरं काही बघूच नका. आमचे हे म्हणतात, कोंबड्यांच्या खुराड्याला काय असतं? जाळी मार आणि मोकळी हो. सध्या हॉलमध्ये सहा फुटी कपाट उभं आहे आणि त्याला दाराच्या जागी जुनी चादर टांगली आहे. पाहुणे विचारतात, आत काय आहे? मी सांगते, ट्रायल रूम.

बंड्याला आत ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, फांदीवर दिव्याखाली ३३-३४ अंश आणि खालच्या गार कोपऱ्यात २६-२७. रोज सकाळी मी दार उघडून पाला ठेवते, विष्ठा काढते, पाणी बदलते. म्हणजे दार दिवसातून तीनचार वेळा उघडणार. कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

आजीचा_बटवा | ४ फेब्रुवारी, रात्री १०.५२

भिंतीवर पाल दिसली तरी मी झाडू शोधते, आणि तुम्ही साडेतीन फुटांची हॉलमध्ये ठेवलीत! धागा मात्र शेवटपर्यंत वाचणार. बंड्या खातो काय?

वैजू_पुणे | ४ फेब्रुवारी, रात्री ११.०५

पूर्ण शाकाहारी आहे हो आजी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळ्याचा कीस. आमच्या घरात सगळ्यात शिस्तीत जेवणारा तोच.

प्रश्नचिन्ह | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हे पाळणं कायद्यात बसतं का? आमच्या गावी एकाने घोरपड ठेवली होती, वनखात्याचे लोक येऊन घेऊन गेले.

पालींचा_मामा | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

घोरपड पाळणं हा गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. बागेतला सरडासुद्धा उचलून आणू नये. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, म्हणून त्याचं प्रकरण वेगळं. पण तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले, सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी तेही कळवावं लागतं. वैजूताई, भाच्याच्या नावावरून तुमच्या नावावर झालंय ना?

वैजू_पुणे | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

झालंय मामा. भाच्याने जायच्या आधी तेवढं एक काम नीट केलं.

सुतारपक्षी | ५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

मी सांगलीचा. धंदा सुतारकामाचा नाही, पण गेली वीस वर्षं रविवार त्यातच जातो. आधी वजनाचा हिशेब मांडू, बाकी वाद नंतर घालू.

काच १ मिमी जाडीची असेल तर चौरस मीटरला अडीच किलो भरते. म्हणजे ५ मिमीची काच चौरस फुटाला जवळपास १.१६ किलो. तुमची ५ फूट रुंदी, दोन्ही बाजूंना दीड इंची चौकट धरली तर उघडी जागा ५७ इंच. दोन सरकत्या काचा केल्या तर प्रत्येक काच सव्वाएकोणतीस इंच रुंद येईल (मधे दीड इंच एकावर एक यायला हवं). पूर्ण उंचीची म्हणजे ६५ इंच धरली तर एकेक काच १५ किलोच्या वर जाते. ॲक्रेलिक तेवढंच घेतलं तर सव्वासात किलो. सुतारकाका चुकीचं बोलत नाहीत.

पण १५ किलोची काच रोज सरकवायची, आणि महिन्यातून एकदा खाच धुवायला उचलून काढायची, हे एकट्या माणसाचं काम नव्हे. म्हणून पूर्ण उंचीची काच हा पर्याय मी तरी बाद करतो. आता उरलं ॲक्रेलिक आणि जाळी. त्यावर ज्यांनी हात पोळून घेतलेत त्यांनी बोलावं.

धांदरट | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

पोळलेला हात हजर आहे. ठाणे.

तीन वर्षांपूर्वी मी ४ फूट लांबीच्या पेटीला ३ मिमी ॲक्रेलिकचं दार केलं. चौकटीत अगदी गच्च बसवलं, कारण फट राहिली तर दमटपणा निघून जाईल असं डोक्यात होतं. पहिले दोन दिवस असं देखणं दिसत होतं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी दिवा लावून ऑफिसला गेलो. परत येतो तर दार पोळीसारखं फुगलेलं, मधोमध इंचभर पोट बाहेर. एका कोपऱ्यातून पट्टी निसटली होती आणि पेटीतले महाराज पडद्याच्या दांडीवर बसून माझ्याकडे बघत होते. उतरवताना पडदा फाटला, माझा हातही.

नंतर दार काढून उलटं बसवलं, वाटलं आता आतल्या बाजूला वाकून सरळ होईल. नाही झालं. आणि नखांचे ओरखडे! सहा महिन्यांत आरपार काही दिसेना, बाथरूमच्या खिडकीसारखं झालं. पुसायला एकदा काच साफ करायचा स्प्रे मारला, तर कडेला बारीक बारीक तडेही गेले.

सुतारपक्षी | ५ फेब्रुवारी, रात्री ९.३०

धांदरट, तुमचं पोट का सुटलं (दाराचं म्हणतोय) ते सांगतो, कारण इथेच सगळे फसतात.

ॲक्रेलिक उष्णतेने काचेच्या सात-आठ पट वाढतं. १.२ मीटर लांबीचा पत्रा २० अंशांनी तापला तर तो साधारण पावणेदोन मिमी लांब होतो. माणूस म्हणतो, पावणेदोन मिमी म्हणजे काय, काहीच नाही. पण दोन्ही टोकं गच्च असतील तर ती वाढ बाजूला सरकू शकत नाही, ती मधे फुगते. त्या पावणेदोन मिमीचा मधला फुगा भूमितीने २७-२८ मिमी येतो. कागदावर मांडून बघा. म्हणजे तुमचा इंचभर. वहीत आणि ठाण्यात एकच उत्तर आलं.

शिवाय ॲक्रेलिक थोडं पाणी शोषतं. आतली बाजू दमट, बाहेरची कोरडी, म्हणजे आतली बाजू किंचित फुगते आणि पत्रा कमान धरतो. मत्स्यालयावर ॲक्रेलिकचं झाकण ठेवलेल्यांना हे माहीत असेल. उलटं करून ठेवलं की काही दिवसांत दुसऱ्या बाजूला वाकतं. ६-८ मिमी जाडी घेतली, चारी बाजूंनी दोन-तीन मिमी मोकळीक ठेवली, मधे पट्टी दिली, तर चालतं. पण तोवर ते काचेइतकं जड नसलं तरी महाग नक्की झालेलं असतं.

आणि स्प्रेबद्दल: अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं काहीही ॲक्रेलिकला लावू नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

वैजू_पुणे | ५ फेब्रुवारी, रात्री १०.००

सुतारकाकांना फुगा समजावून सांगितला. ते म्हणाले, "ताई, मी दहा दुकानांत लावलंय." मी म्हटलं, दुकानात आत सरडा आणि दिवा होता का? मग हसले.

लेस्टरची_लेक | ६ फेब्रुवारी, पहाटे ३.१०

इंग्लंडमधून. आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा आहे, मुलाचा लाडका. इथे जवळपास सगळे लाकडी पेटीला समोरून दोन सरकत्या काचा लावतात. पेटी ४ बाय २ बाय २ फूट, काच ४ मिमी, टफन, कडा घासलेल्या, आणि वर-खाली प्लॅस्टिकची खाच. वरची खाच खोल, खालची उथळ. काच आधी वर घालायची, मग खाली सोडायची.

पण वैजू, माझं बघून करू नकोस. आमचा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, त्याला दमट हवा नकोच. पेटी दोन फूट उंच, म्हणून काच लहान आणि हलकी. तुझा बंड्या झाडावरचा, पावसाळी रानातला. त्याच्या दाराचे प्रश्न वेगळे. एक अनुभव मात्र दोघांनाही लागू: खाच जमिनीच्या पातळीवर ठेवू नकोस. खाली निदान चार इंचाची पट्टी ठोक आणि तिच्यावर खाच बसव. नाहीतर वाळू, पाला, विष्ठा सगळं खाचेत जातं आणि काच दगडासारखी अडते. मी वर्षभर जुन्या टूथब्रशने ती खाच कोरत होते.

वैनगंगा | ६ फेब्रुवारी, सकाळी ११.३५

नागपूर. ताई, तुम्ही पुण्यात बसून दमटपणा धरून ठेवायची चिंता करून राहिल्या, आमच्या इकडे मे महिन्यात घरातच ४२ होऊन जाते बाप्पा. माझा इग्वाना चार वर्षांचा. पहिल्या वर्षी समोर अख्खी काच होती. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, पंखा बंद, पेटीत हवा हलेचना. तोंड उघडं टाकून पडला होता. ओल्या टॉवेलवर घेऊन बाथरूममध्ये बसलो तासभर, तेव्हा डोळे नीट उघडले. त्याच आठवड्यात काच काढली न जाळी लावली.

आता गंमत सांगतो. कूलर समोर ठेवला की जाळीतून गार न दमट हवा आपोआप आत जाते. वाळ्याचा वास येतो ते वेगळंच. उन्हाळाभर मला फवारा मारायची गरज पडत नाही. पण हिवाळ्यात तीच जाळी बोंब करते. डिसेंबरात रात्री १० अंश, सगळी ऊब बाहेर. मग मी जाळीवर ब्लँकेट टाकतो, तर दिसत काहीच नाही.

आणि एक, कोणत्याही काचेच्या पेटीला उन्हात ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. आत भट्टी होते न प्राण्याला पळायला जागा नसते.

पालींचा_मामा | ६ फेब्रुवारी, दुपारी ४.००

उन्हावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दाराचा आणि त्याचा थेट संबंध आहे. बरेच लोक पेटी खिडकीपाशी ठेवतात आणि म्हणतात, काचेतून ऊन येतंय, ड जीवनसत्त्व मिळतंय. मिळत नाही. ते तयार व्हायला लागणारे अतिनील-बी किरण, २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, खिडकीची साधी काच अडवते. नेहमीचं ॲक्रेलिक आणि पॉलिकार्बोनेटही अडवतं. उजेड येतो, ऊब येते, पण कामाचे किरण बाहेरच राहतात. कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ होतात, जबडा सुजल्यासारखा दिसतो, मागचे पाय थरथरतात. मी असे तीन प्राणी पाहिलेत आणि तिन्ही खिडकीतल्या काचेच्या पेटीतले.

म्हणून अतिनील ट्यूब पेटीच्या आतच हवी, वरच्या फांदीपासून ट्यूबच्या डब्यावर लिहिलेल्या अंतरावर. जाळीबाहेर ठेवली तर जाळीच्या विणीप्रमाणे बरेच किरण वाटेतच अडतात. दार काचेचं केलं काय, प्लॅस्टिकचं केलं काय, ट्यूब आत असली की तो प्रश्न मिटला.

आता जाळी. बारीक मच्छरजाळी अजिबात नको. फायबरची असेल तर इग्वाना एका दुपारी फाडतो, आणि ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यात नख अडकतं. अडकलेलं नख तो हिसका देऊन सोडवतो, कधी नखासकट बोट दुखावतं. उघड्या तारेची वेल्ड जाळी असेल तर नाक घासून घासून जखम करून घेतो. मी वापरतो ती अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, पीव्हीसीचं आवरण चढवलेली वेल्ड जाळी. तिच्यावर पाय नीट ठरतो. तारेची कापलेली टोकं मात्र चौकटीच्या आत दाबायची, वरून लाकडाची पट्टी मारायची. हात फिरवून बघायचं, तुम्हाला टोचलं तर त्यालाही टोचणार.

धांदरट | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

आणि कडी! चुंबकाच्या कॅचवर विसंबू नका. साडेतीन फुटांचा इग्वाना फांदीवरून दारावर उडी मारतो तेव्हा चुंबक "नमस्कार" म्हणतो.

घाटावरचा_कोकण्या | ६ फेब्रुवारी, रात्री ८.५५

सरडे-बिरडे पाळलेले नाहीत, पण सगळं वाचून एक शंका. वैनगंगा म्हणतात उन्हाळ्यात जाळी बरी, थंडीत वाईट. वैजूताईंना दमट हवी. काच अडकवून ठेवते, जाळी सोडून देते. मग दोन्ही का नाही?

आमच्या गावी पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला बाहेरून झापं लावतात. माडाच्या झावळ्यांची विणलेली. पावसाचा मारा अडतो. गणपती झाले, पाऊस सरला की काढून माळ्यावर. पडवीचे गज मात्र बारा महिने तेच. तसं जाळीचं पक्कं दार करा आणि तिच्यावर बाहेरून काढता-घालता येणारं पारदर्शक काहीतरी अडकवा. थंडीत लावा, पावसाळ्यात काढा.

सुतारपक्षी | ६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

कोकण्या, हे आधी का नाही बोललात!

वैजूताई, मला आता असं दिसतंय. समोरची बाजू आडवी दोन भागांत तोडा. तळाला ४ इंचाची पट्टी, त्यावर २६ इंच उंचीची जागा, मधे ३ इंचाची आडवी पट्टी, वर ३६ इंच, आणि माथ्याला ३ इंच. बेरीज ७२, म्हणजे तुमचे ६ फूट.

खालच्या २६ इंचात सरकत्या काचा. एकेक काच सहा किलोच्या घरात येते, एका हाताने सरकेल. रोजचं काम, पाणी, पाला, साफसफाई, सगळं तिथूनच. पाण्याचं घमेलं खाली असणार, तिथला दमटपणा काच धरून ठेवेल. वरच्या ३६ इंचात बिजागरीच्या दोन झडपा, लाकडी चौकट आणि मामांची पीव्हीसी जाळी. त्यावर बाहेरून पॉलिकार्बोनेटचे (पारदर्शक प्लॅस्टिकच) दोन पत्रे, चार-चार फिरत्या खिटांवर. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात ही खरी गोष्ट, पण जाळीच्या बाहेर असल्यावर नखं पोचणार कुठून? तो फुटतही नाही. चौकटीत गच्च बसवायचा नाही, नुसता टेकवायचा, म्हणजे तापून वाढला तरी वाढू दे.

पत्रे लावलेले असताना हवा खेळायला मागच्या भिंतीत दोन झरोके ठेवा, एक गार बाजूला खाली, एक दिव्याच्या बाजूला अगदी वर. गरम हवा वरून निघते, खालून ताजी ओढली जाते. दिवा मात्र कोणत्याही प्लॅस्टिकपासून फूटभर लांब, आणि त्याला तारेची टोपी.

वैजू_पुणे | ७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

आमचे हे पहिल्यांदाच म्हणाले, "बघ, जाळी मी आधीच सांगितली होती." आता आठवडाभर ऐकावं लागेल. पण पटलंय. सुतारकाकांनाही पटलं, मुख्य म्हणजे मधली आडवी पट्टी आल्याने सांगाडा हलायचा थांबेल म्हणून.

काचेचं माप कसं द्यायचं तेवढं सांगा दादा. टफन एकदा झाली की कापता येत नाही म्हणे.

सुतारपक्षी | ७ फेब्रुवारी, दुपारी १२.४५

कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कापायला गेलं तर अख्खी काच साखरेच्या खड्यांसारखी होते. म्हणून आधी खाचा बसवा, मग माप घ्या, मग काच सांगा. कागदावरच्या आकृतीवरून काच सांगणारे सगळे रडलेत, मीही.

वरची खाच १४ मिमी खोल, खालची ६ मिमी, अशी जोडी घ्या. खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या तळापर्यंत माप घ्या आणि त्यातून ८ मिमी वजा करा. ती काचेची उंची. काच खाली बसली की वर ८ मिमी मोकळं राहतं आणि ६ मिमी खाचेत धरलेलं असतं, म्हणून पडत नाही. काढायची असेल तेव्हा ती ८ मिमी वर उचलली जाते आणि खालची ६ मिमीची कड सोडते. हे दोन मिमी सगळा खेळ करतात. माप डावीकडे, मधे आणि उजवीकडे असं तीनदा घ्या आणि सगळ्यात कमी येईल ते धरा. चौकट काटकोनात आहे का ते गुण्याने नाही, कर्णाने बघा. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत.

कडा चारही बाजूंनी घासून घ्या. बोटाला धरायची खाच टफन करायच्या आधीच काढून मागा. कुलूप दुकानाच्या शोकेसला असतं ते, दातेरी पट्टीचं. त्याला भोक लागत नाही.

आजीचा_बटवा | ७ फेब्रुवारी, दुपारी २.३०

कर्ण सारखे भरले पाहिजेत. आठवीच्या भूमितीचा हा उपयोग मला आज कळला.

लेस्टरची_लेक | ८ फेब्रुवारी, रात्री १२.२०

सिलिकॉन लावणार असशील तर मत्स्यालयाचं घे. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते नको. सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण गेल्याशिवाय बंड्याला आत सोडू नकोस. पीयूचंही तेच, निदान दोन आठवडे उघडं ठेव.

वैजू_पुणे | १६ मार्च, रात्री ९.००

खूप दिवसांनी. रडकथा आधी, मग आनंदाची बातमी.

सुतारकाकांनी तळापासून तळापर्यंत मोजलं, बरोबर २६ इंच, म्हणजे ६६० मिमी. मी काचेच्या दुकानात ६५२ असं कागदावर लिहून दिलं, खाली रेघ मारली. काचा आल्या. काकांनी पहिली काच वरच्या खाचेत घातली, उचलली, आणि खालची कड काही सुटेना. परत उचलली, परत नाही. टेप लावली तर ६५८! दुकानात फोन केला. पलीकडून अगदी शांतपणे उत्तर, "मॅडम, आम्ही ६६० च्या गाळ्याला दोनच मिमी सोडतो, नेहमीची पद्धत आहे." मी दिलेल्या कागदाचं काय? तो सापडला नाही.

काच कापता येत नाही हे आपण इथेच शिकलो. मी जमिनीवर बसले. काका मात्र बिडी ओढून आले, खालची पट्टी न्याहाळली आणि म्हणाले, "दोन सूत ना? काच नाही उतरत, तर लाकूड उतरवू." खालची खाच उखडली, रंधा आणि पटाशी घेऊन चार इंची पट्टी पूर्ण लांबीत दोन सूत, म्हणजे सहा मिमीच्या जरा वर, खाली घेतली. अडीच तास लागले. मधे मधे दोरी ताणून बघत होते. उघड्या पडलेल्या लाकडाला पीयूचे परत दोन हात दिले, म्हणजे अजून दोन आठवडे चादर. पण आता काच बोटाने सरकते आणि उचलली की सुटते.

सुतारपक्षीदादा, तुमचे दोन मिमी आता मी झोपेतही विसरणार नाही.

सुतारपक्षी | १६ मार्च, रात्री ९.३५

काकांना माझा नमस्कार सांगा. मी असतो तर नवीन काच सांगून मोकळा झालो असतो.

वैजू_पुणे | ११ एप्रिल, सकाळी ७.५०

बंड्या राहायला गेला त्याला दहा दिवस झाले. पहिले चार दिवस खालच्या काचेवर नाक घासत इकडून तिकडे फेऱ्या. नाकाचा शेंडा लाल झाला तेव्हा घाबरून मामांना निरोप केला. त्यांनी सांगितलं, त्याला काच कळत नाही, वाट आहे असंच वाटतं, आणि संध्याकाळी दिवा लागला की स्वतःचं प्रतिबिंब दुसरा इग्वाना वाटतो. मग काचेच्या खालच्या सहा इंचांना बाहेरून दुधी रंगाची फिल्म चिकटवली. दुसऱ्या दिवशी फेऱ्या निम्म्यावर, आता जवळपास बंद.

सध्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी आहे की वरचे दोन्ही पत्रे लावून ठेवले तरच आत साठ-पासष्ट टक्के राहतं. एक पत्रा काढला की तासाभरात पन्नासच्या खाली. आकडा बघून दार बदलायचं, हे भारी वाटतंय. आमचे हे रोज सकाळी मापकाचा आकडा पेपरसारखा मोठ्याने वाचून दाखवतात.

एक चूक मात्र झाली. वरच्या झडपा बाहेर उघडतात हे ठीक, पण बंड्याला जाळीला लटकून झोपायची सवय लागली आहे. सकाळी झडप उघडली की तोही दाराबरोबर बाहेर येतो. परवा घाईत झडप लावताना शेपटी चौकटीत आली असती. थोडक्यात वाचली.

पालींचा_मामा | ११ एप्रिल, सकाळी ९.२०

जपा. इग्वाना शेपटी तोडून टाकू शकतो, आणि परत येते ती आखूड आणि काळपट. वरच्या झडपा रोज उघडूच नका, त्या फांद्या काढायच्या वेळी. रोजचं सगळं खालून. आणि हात धुता ना साबणाने, प्रत्येक वेळी? या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचा रोगजंतू असतो, दाराची मूठही त्यात आली.

वैनगंगा | ११ एप्रिल, दुपारी १.१५

मी पण झापं लावून टाकली कोकण्या भाऊ. ब्लँकेट गेलं ट्रंकेत. आता डिसेंबरात दिसेल तरी.

वैजू_पुणे | २२ जून, संध्याकाळी ६.४०

पाऊस सुरू झाला. आज दोन्ही पत्रे काढून माळ्यावर ठेवले. काल आत ८८ टक्के झालं होतं आणि मागच्या झरोक्यापाशी पांढरी बुरशीची पहिली टिकली दिसली. पुसली, झरोक्याशी कम्प्युटरमधला जुना छोटा पंखा लावला. जाळीतून वारा येतोय, बंड्या सगळ्यात वरच्या फांदीवर चारी पाय खाली सोडून पडलाय.

आजीचा_बटवा | २२ जून, संध्याकाळी ७.०५

वैजू, आमच्या मागच्या अंगणात शेवगा पार वाकलाय, पावसाने पाला नुसता मातलाय. कर्वेनगरला येऊन घेऊन जा पिशवीभर. फवारणी केलेली नाही. आणि येताना मोबाइलमध्ये त्याचा फोटो आण, झाडू बाजूला ठेवून बघेन.